थेंबानं टँकरमध्ये बसू नये

कल्पनाशक्ती शिकायला मला सोयगावहून संभाजीनगरला बोलावलं, तेव्हा दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर आदेश आला. विद्यार्थ्यांच्या कल्पनाशक्तीला चालना देणारे पाठ कसे आखावेत, याचं प्रशिक्षण आहे, असं त्यात लिहिलं होतं. खाली ठळक अक्षरांत होतं की, गैरहजर राहणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल. कल्पनेच्या मागे काठी घेऊन उभं राहायची आमच्या खात्याची रीत जुनीच आहे, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. शाळेतून एकानं जायचंच होतं. मुख्याध्यापकांना गुडघे होते, दुसऱ्या मॅडमना लहान बाळ होतं. मला सबब म्हणून काहीच नव्हतं, म्हणून मी गेले.

मी चौथीला शिकवते. शहरात गेले की धाकट्या बहिणीकडे सिडकोत उतरते. त्या दिवशी तिच्याकडे पाण्याचा दिवस होता. म्हणजे नळाला पाणी यायचा दिवस. मी बॅग ठेवते न ठेवते तोच तिनं माझ्या हातात पाइप दिला. ड्रम भरले, पातेली भरली, हिवाळा असूनही कूलरची टाकी भरली. ती म्हणाली, "ताई, डोक्यावरून अंघोळ करायची तर आत्ताच करून घे. उद्यापासून तांब्यानं मोजून." तिच्या घरात सणवार कॅलेंडरवर आणि पाण्याचे दिवस तोंडपाठ असतात. शहरातल्या सगळ्यांचंच तसं आहे, त्यामुळे त्याचं कुणी नवल करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलवर गेले. व्यासपीठामागे फ्लेक्स लावला होता, त्यावर फुलपाखरं, इंद्रधनुष्य आणि चार साहेबांचे फोटो. दीपप्रज्वलन झालं, स्वागत झालं, सत्कार झाले, ज्यांनी सत्कार केले त्यांचेही सत्कार झाले. जेवायची वेळ जवळ आली तेव्हा पुण्याहून आलेले तज्ज्ञ उभे राहिले. जाकीट घातलेले, प्रसन्न, गोरेपान गृहस्थ. हॉल एवढासा, तरी त्यांनी कानाला अडकवायचा माइक लावला होता. त्यामुळे त्यांचा श्वासही आम्हाला ऐकू येत होता.

त्यांनी आम्हाला डोळे मिटायला सांगितलं. आपण समुद्रकिनारी उभे आहोत, पायाला लाटा लागताहेत, वारा खारट आहे, असं ते हळूहळू सांगत गेले. माझ्या शेजारी लासूर स्टेशनकडचे एक सर बसले होते, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी डोळे मिटले ते मिटलेच. थोड्या वेळानं तज्ज्ञांनी बाकीच्यांना डोळे उघडायला लावले आणि सरांकडे बोट दाखवून म्हणाले की, पाहा, हे किती खोल गेलेत. सगळ्यांनी माना वळवून आदरानं पाहिलं. तेवढ्यात सर घोरायला लागले.

मग काय काय दिसलं, असं विचारणं सुरू झालं. एका मॅडमनी खरं ते सांगितलं. त्यांना दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी वाट दिसली, कारण पुढच्या आठवड्यात त्यांची सहल होती आणि त्या वटवाघळांच्या अंधारात पोरं मोजायची कशी, हेच डोक्यात होतं. तज्ज्ञ हसून म्हणाले, नाही मॅडम, समुद्र. मॅडम म्हणाल्या की, समुद्र त्यांनी अजून बघितलेला नाही. तज्ज्ञ म्हणाले, म्हणून तर कल्पना करायची. मॅडमनी पुन्हा डोळे मिटले आणि या वेळी समुद्र दिसला असं कबूल केलं. पैठणकडचे एक गुरुजी म्हणाले की, "मला तिथं कायबी दिसलं नाय." तज्ज्ञांनी आधी त्यांचं वाक्य दुरुस्त केलं. काहीही दिसले नाही, असं म्हणायला लावलं. प्रमाणभाषेत विचार केला की कल्पना स्वच्छ होते, असं त्यांचं मत होतं. गुरुजींनी दुरुस्त केलेलं वाक्य म्हटलं. दिसलं मात्र तरीही काही नाही.

दुपारनंतर पाठाचं टाचण शिकवलं. शिकवण्याआधी मास्तरानं लिहून ठेवायचं ते टाचण. ते आम्ही जन्मभर लिहीत आलोय, पण यात नवीन रकाने होते. उद्दिष्ट, साहित्य, कृती, आणि मग एक रुंद रकाना, 'अपेक्षित कल्पना'. विद्यार्थी कोणती कल्पना करणार, ते शिक्षकानं आदल्या दिवशी तिथं लिहायचं. शेजारी अजून एक बारीक रकाना होता, कल्पना किती मिनिटं करायची त्याचा.

मी हात वर केला. पोरानं दुसरीच कल्पना केली तर काय करायचं, असं विचारलं.

"मग तुमचं नियोजन कमी पडलं, मॅडम," तज्ज्ञ शांतपणे म्हणाले.

चहाच्या वेळी लासूरचे सर मला म्हणाले की, ते आजवर आनंददायी शिकले, कृतियुक्त शिकले, ज्ञानरचना शिकले, आणि प्रत्येक वेळी परत जाऊन पाढेच शिकवले. रिटायर व्हायच्या आत अजून एखादं होऊन जाईल, असा त्यांचा अंदाज होता. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. प्रशिक्षण हे त्यांच्यासाठी शहरात यायचं निमित्त होतं. संध्याकाळी ते चार जणांना घेऊन शहागंजला नान-खलिया खायला गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले की, या प्रशिक्षणात मनात आणलं तसं प्रत्यक्षात एवढंच उतरलं.

शेवटच्या दिवशी नमुना पाठ होता. जवळच्या एका शाळेतली मुलं आणणार, तज्ज्ञ त्यांना शिकवणार, आम्ही मागं बसून बघायचं आणि त्याचा व्हिडिओ काढून जिल्हाभर दाखवायचा. दुपारी जिल्ह्याचे साहेब येणार होते, म्हणून सकाळी आधी एकदा पाठ घेऊन बघायचं ठरलं. मुलं आली. तेल लावून चापून भांग पाडलेली, नव्या जागेत बावरलेली. त्यांच्या बाईंनी त्यांना वाटेतच बजावलं असावं, कारण सगळी हाताची घडी घालून आणि तोंडावर बोट ठेवून बसली.

पाठ पाण्याच्या थेंबाचा होता. तज्ज्ञांनी तयारी छान केली होती, हे मान्य करायला हवं. निळ्या कार्डशीटचे थेंब कापून दोऱ्यात ओवून आणले होते. ते त्यांनी प्रत्येकाच्या गळ्यात अडकवले. तुम्ही आता मुलं नाही, पाण्याचे थेंब आहात, असं सांगितलं. मग गोड आवाजात विचारलं, थेंबा थेंबा, तू कुठे आहेस?

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं तोंडावरचं बोट काढलं. दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली.

"सर, मी टँकरमध्ये हाय."

आम्ही मागं बसलेले हसलो. तज्ज्ञही हसले आणि म्हणाले, नाही बाळ, त्याच्या आधी. आधी तू समुद्रात असतेस ना?

"समुद्रात कशाला जाऊ सर? तिकडं आमचं कुणीच नाय."

तज्ज्ञांनी भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. तिथं समुद्र, वाफ, ढग, पाऊस, नदी, असे बाण काढलेले होते. टँकरला कुठूनही बाण जात नव्हता. ते दुसऱ्या मुलाकडे वळणार, इतक्यात माझ्या तोंडून निघून गेलं, मग टँकर कुठं गेला?

मुलीनं मान वळवून मला शोधलं आणि ती थेट माझ्याशीच बोलायला लागली. टँकर तिच्या गल्लीत आला, सगळ्या बाया घागरी घेऊन पळाल्या, हांडे हांड्यांवर आपटले. थेंबानं ठरवलं की, जिथं भांडण नाही त्याच घरी जायचं. पण तसं घर काही सापडलं नाही, म्हणून तो तिच्याच घरच्या ड्रममध्ये जाऊन बसला. आईनं ड्रमला कुलूप लावलं. आत अंधार होता. शेजारी अजून एक थेंब होता. त्याला विचारलं, तू कुठला? तो म्हणाला, मी बोअरचा.

"मग मी सरकून बसले," ती म्हणाली.

"का गं?"

"खारट असतो तो."

मुलं खदखदून हसली. तोंडावरची बोटं केव्हाच सुटली होती. मला मात्र माझी आजी आठवली. विहिरीपासून लांब उभं राहून, कुणीतरी वरून ओतेल म्हणून वाट बघणारी. तिच्या गोष्टी मी लहानपणी इतक्यांदा ऐकल्यात की, पाण्यापाशी कुणी सरकलं की माझं लक्ष तिकडं जातंच. मी विचारलं, मग पुढं काय झालं?

"पुढं काय. आईनं तुरटी फिरवली. आता कोण बोअरचा आन् कोण टँकरचा, काय कळतंय का मॅडम."

तिनं ते काही मोठं बोलायचं म्हणून सांगितलं नव्हतं. ड्रममध्ये जे होतं ते सांगितलं. पण लासूरचे सर टक्क जागे होऊन पुढं वाकले होते आणि दौलताबादवाल्या मॅडमनी पेन खाली ठेवला होता. मुलांत तर हात वर करायची झुंबड उडाली. एक थेंब पाइपात अडकला होता, एक मशिदीच्या हौदात मासोळीला घाबरत होता, एक चहाच्या टपरीवर पातेल्यात पडून गोड झाला होता आणि आता परत यायला तयार नव्हता.

तज्ज्ञांनी कॅमेरावाल्याला हातानं थांबायची खूण केली. मुलांना म्हणाले, शांत व्हा. त्या मुलीला म्हणाले, बाळ, तू विषयापासून भरकटलीस. मग आमच्याकडे वळले.

"मॅडम, आपण निरीक्षक आहात. निरीक्षकांनी फक्त निरीक्षण करायचं असतं."

लासूरचे सर बसल्या जागेवरून म्हणाले, "ऐकून तरी घ्या साहेब. गोड झालेल्याचं पुढं काय झालं ते राहिलंय." तज्ज्ञांनी त्यांना सांगितलं की, पाठाला वेळेची चौकट असते. कल्पनेची मिनिटं संपली होती.

मग उरलेली सकाळ कल्पनेची तालीम चालली. तज्ज्ञांनी एक वाक्य तयार करून दिलं, मी समुद्रात होते, सूर्याच्या किरणांनी माझी वाफ झाली, मी ढगात गेले. मुलं ते पाठ म्हणायला लागली. ज्याला म्हणता येईना त्याला मागं बसवलं. अडचण त्या दोन वेण्यांवालीची होती, ती थेंब झाली की मधूनच टँकरमध्ये चढायची. शेवटी तज्ज्ञांनी तिच्या गळ्यातला थेंब काढला आणि पुठ्ठ्याचा मोठा पिवळा सूर्य तिच्या हातात दिला. तोंडासमोर धरून कोपऱ्यात उभं राहायचं. सूर्याला वाक्य नव्हतं.

दुपारी साहेब आले. पाठ सुरू झाला. तज्ज्ञांनी गोड आवाजात विचारलं आणि मुलांनी एका सुरात सांगितलं की, मी समुद्रात होते. मुलगेही म्हणाले, मी समुद्रात होते, कारण वाक्य तसंच मिळालं होतं. वाफ झाली, ढग झाला, पाऊस पडला, सगळे थेंब उठून गोल फिरले आणि नदी झाली. नदीनं साहेबांना गुलाबाचं फूल दिलं. साहेब भारावले. मोकळीक दिली की मुलं किती सहज कल्पना करतात, असं ते माइकवर म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सूर्य पुठ्ठ्याच्या कडेवरून डोळे काढून आमच्याकडे बघत होता.

निघताना साहेबांनी विचारलं की, हे आता तालुक्यांत कोण नेणार? तज्ज्ञांनी सोयगावसाठी माझं नाव सुचवलं. या मॅडम फार प्रश्न विचारतात, त्यांना जबाबदारी द्या, असं ते म्हणाले. बक्षीस दिलं की शिक्षा केली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एका पेनड्राइव्हमध्ये तो व्हिडिओ आणि बाणांची चित्रं मिळाली आणि मी प्रशिक्षण घेणारीची प्रशिक्षण देणारी झाले.

सोयगावला शाळेच्या मोठ्या वर्गात तालुक्यातले शिक्षक जमले. त्यांची तोंडं मी ओळखत होते, कारण महिन्याभरापूर्वी माझंच तोंड तसं होतं. मी व्हिडिओ लावला. सगळ्यांनी मुकाट्यानं पाहिला. मग व्हिडिओत नसलेलं, त्या दिवशी सकाळी काय झालं, ते सांगितलं. टँकर, ड्रम, कुलूप, तुरटी, सगळं. दोघातिघांनी मोबाइल खिशात ठेवले. मला वाटलं, पोचलं. मग मागून एका सरांनी विचारलं, "मॅडम, अपेक्षित कल्पनेच्या रकान्यात टँकर लिहिलं तर चालेल का?"

मी म्हणाले की, आज कुणीच काही लिहायचं नाही. आज तुम्हीच थेंब व्हा. कुरकुर झाली. एकजण म्हणाले की, लिहायचं नसेल तर वही कशाला आणायला लावली. दुसरे म्हणाले की, या वयात थेंब झालेलं बायकोनं ऐकलं तर काय म्हणेल. मी नुसती गप्प बसून राहिले. मास्तर लोकांना शांतता सहन होत नाही, ती भरून काढायची त्यांची सवय असते. थोड्या वेळानं घरची कपाशी करणारे एक सर, ज्यांना मी कधी सलग दोन वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं, खाली बघत म्हणाले की, ते फवारणीच्या पंपात आहेत. आत औषध ओतलंय. नाकाला वास लागतोय. आपण कुणाच्या अंगावर पडणार, ते आपल्याला कुणी विचारलेलं नाही. मग त्यांनी वर बघितलं.

"बोंडअळीवर पडलो तर ठीकच," ते म्हणाले. "पण वारा फिरलाय मॅडम. पंप पाठीवर घेतलेला गडी आपलाच हाय."

त्यानंतर कुणाला बोला म्हणावं लागलं नाही. एसटी स्टँडच्या पाणपोईतला थेंब झाला, वर्षानुवर्षं एकाच देवळाच्या तांब्यात अडकलेला झाला, सलाइनच्या बाटलीत बसून खालच्या माणसाकडे बघणारा झाला. तो सलाइनवाला सांगताना एक मॅडम रडल्या. मग आम्ही सगळेच जरा वेळ बाहेर व्हरांड्यात उभे राहिलो. खिचडी गार झाली, कुणी तक्रार केली नाही. माझ्या नोकरीत मी इतकी प्रशिक्षणं बघितली, पण जेवण गार होऊनही शिक्षक चिडले नाहीत असं हे एकच.

संध्याकाळी कार्यालयातून फोन आला. ग्रुपवर टाकलेले फोटो नियमात बसत नव्हते. फोटोत फ्लेक्स नव्हता, पडदा दिसत नव्हता, एक शिक्षिका डोळे पुसताना आली होती आणि बरेचजण व्हरांड्यात दिसत होते. प्रशिक्षण झालं असं त्यावरून वाटत नाही, असं फोनवरचे गृहस्थ म्हणाले. ते काही चुकीचं बोलत नव्हते. त्यांच्या डोळ्यांना प्रशिक्षण ओळखायची जी सवय होती, तसं ते खरोखरच दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे परत जमलो. फ्लेक्स टांगला, प्रोजेक्टर लावला, पडद्यावर बाण आणले. सगळ्यांनी वह्या उघडून पडद्याकडे माना वर केल्या. मी हातात काठी घेऊन ढगाकडे दाखवत उभी राहिले. कपाशीवाल्या सरांनी हळूच विचारलं की, आता ऐकायचं का ऐकल्यासारखं करायचं. मी म्हणाले, ऐकल्यासारखं. फोटो उत्तम आला. ग्रुपवर साहेबांनी त्याला अंगठा दिला आणि खाली लिहिलं, 'प्रेरणादायी'.

नंतरच्या आठवड्यात मी माझ्या वर्गात थेंबाचा पाठ घेतला. चौथीची पोरं माझ्याकडे बघत बसली. एकीनं विचारलं, मॅडम, फळ्यावर लिहून द्या ना. मी लिहून दिलं नाही. त्या दिवशी काही झालंच नाही. पोरं कंटाळली, मीही कंटाळले आणि घंटा झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तेव्हा एका मुलानं सांगितलं की, तो म्हशीच्या पोटात आहे आणि बाहेर दूध म्हणून निघायचं की दुसरं काही म्हणून, याची त्याला काळजी लागलीय. मग वर्गाची तोंडं सुटली ती सुटलीच. बाजूच्या वर्गातल्या मॅडम दोनदा दारात येऊन बघून गेल्या. आता आठवड्यातून एकदा आम्ही कशात तरी जाऊन बसतो. कधी तिकिटाच्या मशीनमध्ये, कधी मोसंबीच्या बीमध्ये. टाचणातला तो रुंद रकाना मी पाठ झाल्यावर भरते. तपासायला येणारे साहेब म्हणतात की, तसं नसतं मॅडम, आधी भरायचं. मी हो म्हणते. तेही मग पुढं विचारत नाहीत, त्यांना अजून बऱ्याच शाळा करायच्या असतात.

परवा एका मुलाचे वडील शाळेत आले. जरा रागातच होते. त्यांनी सांगितलं की, पोरगं सकाळी अंघोळीला बसेना, पाणी अंगावर घ्यायच्या आधी बादलीशी बोलत बसतं.

"म्हणतंय, थेंबांची मर्जी नाय," ते म्हणाले. "आता तुम्हीच समजावा मॅडम. थंडीचं एकतर पोरगं नाय म्हणतं, त्यात तुम्ही थेंबाची साक्ष काढून दिली."

मी त्या मुलाला बोलावलं आणि म्हणाले की, थेंबांना नीट विचारावं लागतं, ते पहिल्यांदा नाही म्हणणारच. वडील माझ्याकडे संशयानं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी पोरगं अंघोळ करून, केस चिकटवून शाळेत आलं. मी विचारलं, काय म्हणाले थेंब? तो म्हणाला, गरम पाण्यातले लगेच तयार झाले, थंड पाण्यातल्यांशी अजून बोलणं चालू आहे.